हक्क कुणाचा, हे आधी ठरू द्या

प्रति,
मा. संपादक महोदय,

विषय : संस्था, देवस्थाने आणि शेतजमिनींच्या बातम्यांतील मालकी व हक्कांविषयीची भाषा

स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत सहकारी कारखाने, पतसंस्था, देवस्थानच्या जमिनी आणि वारसांचे तंटे यांच्या बातम्या नेहमी असतात, आणि त्या तळमळीने लिहिलेल्या असतात, याबद्दल माझे दुमत नाही. तरीही अमळनेरच्या दिवाणी न्यायालयात वकिली करताना जे पक्षकार माझ्याकडे येतात, त्यांच्या मनातल्या कितीतरी समजुती बातम्यांच्या अशाच भाषेतून पक्क्या झालेल्या असतात, असे मला सतत जाणवते. 'शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना विकला', 'अध्यक्षांनी ठेवी परत द्याव्यात', 'पुजाऱ्याच्या जमिनीवर अतिक्रमण' ही वाक्ये वाचायला सरळ वाटतात. त्या प्रत्येक वाक्यात एक हक्क सांगितलेला असतो, पण तो नेमका कुणाचा आणि कुणाविरुद्ध, हे मात्र वाक्य सांगत नाही, किंवा चुकीचे सांगते. दिवाणी न्यायालयात हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. बाजू कितीही खरी असली, तरी ज्याचा हक्क नाही त्याने, किंवा ज्याच्यावर जबाबदारी नाही त्याच्याविरुद्ध, लावलेला दावा टिकत नाही, आणि तो निकाली निघेपर्यंत मुदतीची वर्षे निघून गेलेली असतात.

कायद्याच्या नजरेने व्यक्ती म्हणजे जिच्या नावे हक्क जमा होऊ शकतात आणि जिच्या नावे देणी पडू शकतात ती. तलाठ्याच्या दप्तरात खाते उघडल्याशिवाय जमीन कुणाच्या नावावर लागत नाही, तसे या खात्याशिवाय कोणत्याही हक्काला बसायला जागा नसते. प्रत्येक जिवंत माणसाला असे खाते जन्मासोबत मिळते. आज ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते, की ती कधीकाळी मिळवावी लागली होती याचा विसर पडतो. माणसावर माणसाची मालकी सांगणारा कोणताही हक्क न्यायालयांनी बजावून देऊ नये, आणि गुलाम होता या कारणावरून कुणाची कमाई काढून घेऊ नये, असा कायदा ईस्ट इंडिया कंपनी सरकारच्या मुलखात 1843 मध्ये झाला. या जन्मसिद्ध खात्याच्या दोन्ही टोकांना कायद्याने थोडी सवलतही ठेवली आहे. वडिलांच्या मृत्यूच्या वेळी जे मूल आईच्या पोटात होते आणि पुढे जिवंत जन्मले, ते वडिलांच्या मृत्यूपूर्वीच जन्मले होते असे धरून हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 त्याला वारसा देतो. दुसऱ्या टोकाला, ज्यांना एरवी खबर लागली असती अशा माणसांना ज्याच्याविषयी सात वर्षे काहीच कळलेले नाही, तो मेला असे न्यायालय गृहीत धरू शकते. तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्याने मग तसे सिद्ध करायचे असते.

हक्क असणे आणि तो स्वतः वापरता येणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडच्या सातबाऱ्यांवर या फरकाची खूण अगदी उघड दिसते. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) पालनकर्ता हा शेरा ज्या नावांपुढे असतो, त्यांपैकी काही 'अज्ञान' खातेदार आज स्वतः नातवंडांचे आजोबा झालेले आहेत, कारण शेरा कमी करण्याचा अर्ज कुणी दिलाच नाही. विनोदाचा भाग सोडला तर या शेऱ्यामागची गोष्ट गंभीर आहे. सहा महिन्यांचे बाळही शेताचे पूर्ण मालक असू शकते, परंतु अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याला करार करता येत नाही. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमलातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, 1903 मध्ये मोहरी बीबी खटल्यात सांगितले आणि तोच कायदा आजवर चालत आला आहे. वडील वारल्यावर आईने स्वतःच्या आणि मुलांच्या हिश्श्याची जमीन एकाच खरेदीखताने विकली, ही खानदेशातल्या दर दुसऱ्या गावातली हकिकत असते. आई नैसर्गिक पालक असली तरी अज्ञान मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकण्याचा अधिकार 1956 च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 8 ने तिला दिलेला नाही. तशी विक्री मुलाला रद्द करून घेता येते, परंतु सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत, म्हणजे साधारणपणे एकविसावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वी त्याने दावा लावला पाहिजे. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्याला हे कलम लागू पडत नाही, तिथे कर्त्याची कायदेशीर गरज तपासली जाते. त्यामुळे वडिलांची जमीन त्यांची स्वतंत्र होती की वडिलोपार्जित, हे पाहिल्याशिवाय 'आईला विकताच येत नव्हते' किंवा 'आईने विकले म्हणजे संपले' अशी दोन्ही विधाने घाईची ठरतात.

माणसाखेरीज आणखी कुणाला असे खाते मिळते, या प्रश्नाशी आपला जिल्हा सर्वांत जास्त अडखळतो. लंडनमध्ये चामड्याचे बूट बनवणाऱ्या अ‍ॅरन सॉलोमनने 1892 मध्ये आपला धंदा स्वतःच उभ्या केलेल्या कंपनीला विकला. कंपनीचे 20,007 भाग (शेअर) होते, त्यांतले 20,001 त्याच्याकडे होते आणि उरलेले सहा बायको व मुलांकडे एकेक होते. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली, आणि धनको म्हणू लागले की ही कंपनी म्हणजे सॉलोमनच आहे, तेव्हा त्याच्या खिशातून आमचे पैसे द्या. 1896 मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, त्यांचे म्हणणे फेटाळले: कंपनी एकदा नोंदली गेली की ती तिच्या भागधारकांहून वेगळी व्यक्ती आहे, तिची देणी तिची आणि त्याची त्याची. आपल्या कंपनी कायद्याचा सारा इमला या निकालावर उभा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 36 नेही नोंदणीकृत सहकारी संस्थेला तेच स्थान दिले आहे. तिला स्वतःचे नाव, अखंड परंपरा आणि शिक्का असतो, तिला स्वतःच्या नावाने मिळकत धारण करता येते, करार करता येतात, दावा लावता येतो आणि तिच्यावर दावा लावता येतो.

या तत्त्वाची दुसरी बाजू आमच्या ऊस उत्पादकांना कुणी कधी समजावून सांगितली नाही. कारखान्याची देणी सभासदाच्या घरावर येत नाहीत, हे त्याला आवडते. पण ज्या भिंतीमुळे ती येत नाहीत, त्याच भिंतीमुळे कारखान्याची मिळकत सभासदाची होत नाही. बच्चा गझदर या भागधारक बाईंच्या खटल्यात 1954 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. त्यांचे भाग चहाच्या कंपन्यांत होते, कंपनीच्या उत्पन्नाचा साठ टक्के हिस्सा शेतीचे उत्पन्न म्हणून करमुक्त होता, आणि म्हणून आपल्याला मिळालेल्या लाभांशाचाही तेवढाच हिस्सा करमुक्त धरावा, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की मळा कंपनीचा आहे. भागधारकाला मळ्यात, यंत्रात किंवा चहाच्या पानात कोणताही हिस्सा नसतो, तर नफा वाटायचे ठरले तर त्यातला वाटा, मतदान आणि कंपनी मोडीत निघाल्यावर देणी भागून काही उरले तर त्याचा भाग, इतकेच त्याच्या भागातून त्याला मिळते.

हे तत्त्व आपल्या भागातल्या बंद पडलेल्या आणि विक्रीला निघालेल्या साखर कारखान्यांना लावून पाहावे. कारखाना सभासदांच्या घामावर उभा राहिला, हे खरेच आहे. भाषणात 'तुम्ही मालक' म्हणणेही समजू शकते. पण ज्या दिवशी थकबाकीपोटी बँक कारखान्याचा ताबा घेते, त्या दिवशी 'मालक' म्हणून लिलावाला हरकत घेणाऱ्या शेतकऱ्याला न्यायालयात उभे राहायला जागा उरत नाही. त्याच्या हाती सभासद म्हणून जे हक्क होते, म्हणजे वार्षिक सभेत हिशेब विचारणे, लेखापरीक्षणाचा अहवाल मागणे, निबंधकाकडे चौकशीची मागणी करणे, हे तो मालकीच्या समाधानात वर्षानुवर्षे वापरत नाही. मालकीच्या या गोड शब्दाचा खरा फायदा कुणाला झाला, हे मी सांगायला नको. रावेर-यावलच्या केळी उत्पादकांनी आणि इतरत्र कापूस-मका उत्पादकांनी आता शेतकरी उत्पादक कंपन्या काढल्या आहेत. दहा उत्पादक शेतकरी एकत्र आले तर अशी कंपनी नोंदता येते. सभासद होण्यापूर्वी हा फरक त्यांना ठाऊक असला, तर कारखान्यांच्या वेळी झाली तशी निराशा पुन्हा होणार नाही.

पतसंस्थांची गोष्ट याहून कडू आहे. जळगाव जिल्ह्याने बुडालेल्या ठेवींचे इतके दुःख पाहिले आहे, की त्यावर नव्याने काही लिहिणे नकोसे वाटते. तरी एक मुद्दा राहतोच. ठेवीची पावती संस्थेच्या नावाची असते, म्हणून रक्कम परत मागण्याचा हक्क संस्थेविरुद्ध असतो. अध्यक्ष गावातला, ओळखीचा, कधी नात्यातलाही असतो, पण तो केवळ अध्यक्ष आहे म्हणून त्याच्या शेतावर जप्ती येत नाही. याचा अर्थ तो सुटला असा मात्र नाही. संस्थेच्या पैशाचा गैरवापर किंवा विश्वासघात ज्याने केला, त्याच्याकडून नुकसान वसूल करण्याची जबाबदारी सहकारी कायद्याच्या कलम 88 नुसार निश्चित करता येते, आणि महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण अधिनियम 1999 ने कारभार पाहणाऱ्या व्यक्तींना व्यक्तिशः फौजदारी जबाबदारीत आणले आहे, त्यांच्या मिळकती जप्त करण्याची तरतूदही केली आहे. म्हणजे दार बंद नसते, पण ते दुसऱ्या भिंतीत असते, आणि तिथे 'तो अध्यक्ष होता' एवढे सांगून भागत नाही, 'त्याने काय केले' हे दाखवावे लागते. संस्थेच्या कारभारासंबंधी तिच्यावर दावा लावण्यापूर्वी कलम 164 ची निबंधकाला दोन महिन्यांची नोटीस लागते, तीही अनेकदा दिलेली नसते. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, परंतु ते बँकेला आहे, पतसंस्थेला नाही. पाटीवरची अक्षरे नीट न वाचता पैसे ठेवणाऱ्यांना हा फरक संस्था बुडाल्यावर कळतो.

ज्यांना व्यक्तित्व आहे असे वाटते पण नसते, अशांची यादीही आपल्याकडे मोठी आहे. कापसाची किंवा केळीची भागीदारी पेढी पिढ्यान्‌पिढ्या एका नावाने चालते, तिच्या नावाचे बँकखाते असते, बाजारात पत असते, पण 1932 च्या भागीदारी कायद्याखाली पेढी ही भागीदारांहून वेगळी व्यक्ती नाही. पेढीने माल घेऊन पैसे थकवले, तर प्रत्येक भागीदार पूर्ण रकमेला बांधील असतो, त्याच्या घरादारासकट. मालाची पट्टी हाती धरून बसलेल्या शेतकऱ्याला ही गोष्ट दिलासा देणारी आहे. पेढीची नोंदणी नसेल तर ती करारावर आधारलेला दावा इतरांवर लावू शकत नाही, परंतु शेतकऱ्याने तिच्यावर लावलेल्या दाव्याला त्यामुळे बाधा येत नाही. 'पेढी रजिस्टर नाही, काही करता येणार नाही' असे ऐकून घरी परतणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मर्यादित दायित्व भागीदारी मात्र 2008 च्या कायद्याने स्वतंत्र व्यक्ती केली आहे, तेव्हा पट्टीवर पेढीच्या नावापुढे काय छापले आहे हे पाहून मगच उधारी द्यावी. नोंदणी नसलेले गणेश मंडळ किंवा शेतकरी गट यांना स्वतःचे खाते नसते. मंडपवाल्याचे बिल शेवटी ज्याने ठरवले आणि ज्याने सही केली त्याच्याकडेच येते. शिक्षणसंस्था बहुधा 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात, आणि त्यांच्या वतीने दावा कुणाच्या नावाने लावायचा हे संस्थेच्या घटनेत पाहावे लागते.

हिंदू एकत्र कुटुंबाचे तर आणखी वेगळे. प्राप्तिकराच्या कायद्यात ते व्यक्ती आहे, दिवाणी कायद्यात ते सदस्यांहून वेगळे नाही. सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असे लिहून बाकीच्यांची नावे न लावण्याची जुनी पद्धत होती, आणि पुढे संगणकीकरणात किंवा एखाद्या फेरफारात ती तीन अक्षरे गळाली की थोरला भाऊ कागदावर एकटा मालक होऊन बसला. धाकट्यांचा हक्क त्यामुळे गेला असे समजून ज्यांनी वाटणीचा विषय सोडून दिला, त्यांना मला सांगावेसे वाटते की जमीन महसूल संहितेच्या कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातली नोंद खरी मानली जाते ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. फेरफार मंजूर झाला म्हणून मालकी निर्माण होत नाही आणि नाव कमी झाले म्हणून मालकी संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. महसुलाचे दप्तर सारा कुणाकडून घ्यायचा हे पाहण्यासाठी आहे.

बहिणींच्या बाबतीत हीच गोष्ट मला अधिक आग्रहाने मांडायची आहे. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी मुलाप्रमाणेच जन्माने सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत वाटेकरी, झाली, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनिता शर्मा खटल्यात ठरवले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या यातून सुटतात. तरीही अक्षयतृतीयेला, म्हणजे आखाजीला, माहेरी आलेल्या बहिणीला तहसील कचेरीत नेऊन कोऱ्या प्रतिज्ञापत्रावर सही घेण्याचा प्रकार आपल्या भागात सर्रास चालतो, आणि त्याला हक्कसोड म्हटले जाते. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. तलाठ्यापुढे दिलेल्या जबाबाने किंवा साध्या प्रतिज्ञापत्राने नाव कमी होईल, हक्क जात नाही. आखाजीच्या सणाला भाऊबहिणींत दावे लावा असे मी म्हणत नाही. सोडायचे तर काय सोडत आहोत हे कळून, दस्तावर वाचून सोडावे, इतकेच.

देवस्थानच्या जमिनींविषयीच्या बातम्यांत सर्वांत जास्त गोंधळ असतो, आणि कायदा मात्र या बाबतीत शंभर वर्षांपासून बऱ्यापैकी स्थिर आहे. मूर्ती ही कायद्याने व्यक्ती आहे, असे प्रिव्ही कौन्सिलने 1925 मध्ये मलिक कुटुंबाच्या खटल्यात सांगितले, आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवतेवर प्राप्तिकरही लागू शकतो असे ठरवले. यात श्रद्धेचा प्रश्न येत नाही. एखाद्याने देवाच्या सेवेसाठी जमीन दिली, देणारा गेला, त्याचे वारस पांगले, तर त्या दानामागचा हेतू सांभाळायला कुणीतरी धनी हवा, म्हणून त्या हेतूलाच देवतेच्या रूपाने व्यक्तित्व दिलेले आहे. मूर्ती भंगली किंवा चोरीला गेली तरी ते व्यक्तित्व संपत नाही. अयोध्येच्या 9 नोव्हेंबर 2019 च्या निकालात रामलल्लांना कायदेशीर व्यक्ती मानले गेले, पण जन्मस्थानाच्या जमिनीला ते व्यक्तित्व न्यायालयाने नाकारले, कारण जमीनच व्यक्ती झाली तर तिच्यावरचे इतर सर्वांचे हक्क एका फटक्यात पुसले जातील. दोन्ही भाग एकत्र वाचले म्हणजे न्यायालय किती जपून पाऊल टाकते हे दिसते.

आपल्या गावागावांत मारुतीच्या, महादेवाच्या, कुलदेवतांच्या नावावर इनाम वर्ग 3 च्या, म्हणजे देवस्थान इनामाच्या, जमिनी आहेत, त्यांना हाच नियम लागतो. 6 सप्टेंबर 2021 रोजी मध्य प्रदेशातल्या पुजाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की मालकाच्या रकान्यात देवतेचेच नाव हवे. पुजारी कूळ नाही, मालकही नाही, तो देवतेच्या वतीने मिळकतीची व्यवस्था पाहणारा आहे. देवता अज्ञानासारखी मानली जाते, स्वतः न्यायालयात येऊ शकत नाही, म्हणून तिचे हित तिच्या व्यवस्थापकाने सांभाळायचे असते. आणि व्यवस्थापकच हिताविरुद्ध वागू लागला तर साधा भाविकही देवतेच्या वतीने दावा लावू शकतो, हे 1967 सालीच ठरलेले आहे. देवस्थान सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय त्याची जमीन विकता येत नाही. अशा वेळी 'पुजाऱ्याने स्वतःची जमीन विकली, गावकऱ्यांचा विरोध' असे छापून आले, की गावकरी भांडखोर ठरतात आणि विकत घेणारा निश्चिंत होतो. पिढ्यान्‌पिढ्या सेवा करणाऱ्या गुरव-पुजारी कुटुंबांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे, आणि तो सेवेचा मोबदला ठरवून सोडवला पाहिजे. देवाची जमीन त्यांची म्हणून लिहिल्याने तो सुटत नाही.

मध्यंतरी तापीलाही व्यक्ती म्हणून घोषित करावे, अशी सूचना एका सभेत ऐकली. उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च 2017 मध्ये गंगा आणि यमुनेला तसे व्यक्तित्व दिले होते, आणि त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. राज्य सरकारने विचारलेला प्रश्न रास्त होता: पुराने कुणाचे नुकसान झाले तर नदीवर दावा लागेल का, आणि भरपाई कोण देईल? हक्कांचे खाते उघडले की देण्यांचा रकानाही उघडतो. तापी, गिरणा, पांझरेतली वाळू वाचवायला सध्याचे कायदे पुरेसे आहेत, ते राबवायची इच्छा असली म्हणजे झाले, असे माझे मत आहे.

हक्क कुणाचा हे ठरल्यावर तो कुणाविरुद्ध चालतो, हेही पाहावे लागते. शेताची मालकी साऱ्या जगाविरुद्ध चालते. उसने दिलेले पैसे मागण्याचा हक्क फक्त घेणाऱ्याविरुद्ध चालतो. आपल्याकडे सौदापावतीच्या बाबतीत या दोहोंची गल्लत होते. जमिनीचा सौदा झाला, विसार दिला, पावती लिहिली, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, म्हणजे शेत आपले झाले असे घेणारा समजतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 54 मध्ये स्पष्ट म्हटले आहे की विक्रीच्या कराराने त्या मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. घेणाऱ्याला खरेदीखत करून मागण्याचा हक्क आहे, तो देणाऱ्याविरुद्ध आहे, आणि कबूल केलेली तारीख उलटल्यापासून तीन वर्षांत त्याने दावा लावला पाहिजे. याउलट शेतरस्त्याचा हक्क: वीस वर्षे उघडपणे, हक्क म्हणून आणि अखंड वापरलेली वहिवाट सुविधाधिकार बनते आणि ती शेजारचे शेत ज्याच्या हाती जाईल त्याला बांधील ठेवते. नव्या मालकाने 'मी रस्ता दिला नव्हता' म्हणून चालत नाही.

म्हणून आपल्याला विनंती आहे की संस्था किंवा मिळकतीच्या वादाची बातमी देताना संबंधित संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे आणि वादातला हक्क कुणाच्या नावे आहे, ही दोन वाक्ये बातमीदाराने विचारून लिहावीत. त्यासाठी वकील लागत नाही. नोंदणी प्रमाणपत्र आणि सातबारा पाहिला की उत्तर मिळते.

दुसरी विनंती आपल्या जाहिरात विभागाशी संबंधित आहे. आम्हा वकिलांच्या नावाने आपल्या पानांवर रोज ज्या जाहीर नोटिसा छापल्या जातात, त्यांत 'सात दिवसांच्या आत लेखी हरकत न घेतल्यास कोणाचाही हक्क नाही किंवा असल्यास तो सोडून दिला असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल' असे ठरावीक वाक्य असते. माझ्या पक्षकारांसाठी अशा नोटिसा मीही देते, आणि घेणाऱ्याने पुरेशी चौकशी केली हे दाखवायला त्या उपयोगी पडतात. परंतु सुरतेला कामाला गेलेल्या भावाचा, सासरी नांदणाऱ्या बहिणीचा, अज्ञान मुलाचा किंवा देवतेचा हक्क सात दिवस वर्तमानपत्र न वाचल्यामुळे संपतो, असे कोणताही कायदा म्हणत नाही. नोटीस वाचून उशीर झाला म्हणून हातपाय गाळलेली माणसे माझ्या कार्यालयात येतात. या नोटिसांच्या रकान्याच्या तळाशी 'खासगी जाहीर नोटिशीची मुदत संपल्याने कोणाचाही कायदेशीर हक्क आपोआप संपुष्टात येत नाही' अशी एक ओळ आपण कायम छापावी.

आपली,
दिवाणी न्यायालयात वकिली करणारी एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव